पोरं कुणाला घाबरतात?

आमच्या चुलत भावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात दोन दिवस नुसती जुंपली होती. सुरुवात अगदी साधी, धाकट्या वहिनीने विचारलं की मुलीच्या शाळेत वयात येण्यावर सेशन घेणारेत, पालकांची सही मागितलीये, देऊ का. झालं, दादाने लगेच लिहिलं की ही सगळी पाश्चात्त्य थेरं आहेत, आपल्याकडे ह्याची गरज कधी पडली नाही आणि पडणारही नाही. त्यावर भाचा तुटून पडला, त्याचं म्हणणं परदेशात शाळेतच सगळं मोकळेपणाने शिकवतात म्हणून तिथे प्रॉब्लेम नाहीत, आपणच मागासलेले आहोत. मग दोघांनीही मला मधे ओढलं. दादा म्हणाला तू तिकडे राहतेस, सांग ह्याला तिकडची मुलं कशी वागतात ते, आणि भाचा म्हणाला आत्या, तूच सांग आता. मी तेव्हा काहीच लिहिलं नाही कारण दोघांनाही जे ऐकायचं होतं ते खरं नाहीये, आणि जे खरं आहे ते ग्रुपवर चार ओळींत मावत नव्हतं. म्हणून इथे लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

मी ग्लासगोत फार्मासिस्ट आहे, चौदा वर्षं झाली. स्कॉटलंडमध्ये इमर्जन्सी गर्भनिरोधक गोळी फार्मसीत फुकट मिळते, पण काउंटरवरून उचलून दिली असं नसतं. आत एक छोटी कन्सल्टेशन रूम असते, तिथे घेऊन जायचं, दार लावायचं आणि विचारायचं, किती तास झाले (एक गोळी ७२ तासांपर्यंत चालते, दुसरी १२० पर्यंत), पाळी कधी आली होती, दुसरी काही औषधं चालू आहेत का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे तुझ्या मर्जीने झालं ना, कोणी जबरदस्ती तर नाही केली. मुलगी सोळाच्या आतली असेल तर तिला हे सगळं नीट समजतंय का ते बघायचं, जबरदस्तीचा किंवा वयाने बऱ्याच मोठ्या माणसाचा संशय आला तर बालसंरक्षणवाल्यांना कळवायचं, तेराच्या आतली असेल तर कळवायचंच.

तर त्या खोलीत दार लागल्यावर मुली पहिला प्रश्न काय विचारतात? इतक्या वर्षांत मी साइड इफेक्टबद्दलचा पहिला प्रश्न क्वचितच ऐकलाय. पहिला प्रश्न असतो, तुम्ही आईला सांगणार का. किंवा हे आमच्या डॉक्टरकडे जाईल का, कारण आई पण त्याच डॉक्टरकडे जाते. किंवा नुसतीच दाराकडे बघत बसते, बाहेर रांगेत कोणी ओळखीचं आहे का ह्या काळजीने. आणि हे त्या देशात, जिथे शाळेत कंडोम कसा वापरायचा ते दाखवतात, जिथे तरुणांना फुकट कंडोम मिळायच्या योजना आहेत! मी नवीन आले तेव्हा मला हे कळायचंच नाही, मला वाटायचं ही भीती आपण आपल्याबरोबर विमानातून आणली असेल, पण गोऱ्या, तिथेच जन्मलेल्या मुलींच्या चेहऱ्यावर तीच भीती बघितली आणि मग ह्या विषयावर मिळेल ते वाचायला लागले.

वाचता वाचता २००६ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय जर्नलमध्ये आलेला एक अभ्यास हाती लागला, लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या सिसिली मार्स्टन आणि एलेनॉर किंग ह्या दोघींचा. त्यांनी नवीन सर्व्हे केला नाही, जगभरात १९९० ते २००४ मध्ये तरुणांशी बोलून केलेले २६८ अभ्यास गोळा केले आणि त्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी कुठल्या ते शोधलं. आफ्रिका असो, युरोप असो, आशिया असो, सात गोष्टी सगळीकडे सापडल्या. म्हणजे बघा, पोरं समोरच्या माणसाला ‘स्वच्छ’ की ‘अस्वच्छ’ असं ठरवून टाकतात, आणि ते ठरवतात कपड्यांवरून, घराण्यावरून, ओळखीवरून, तपासणीवरून नाही. कंडोमचा विषय काढला की त्याचा अर्थ तुझा माझ्यावर विश्वास नाही असा होतो. मुलीने कंडोम जवळ ठेवला तर ती तसली, मुलाने ठेवला तर तो अनुभवी. मुलाचं नाव होतं, मुलीचं नाव जातं. आणि ह्या सगळ्यामुळे दोघं एकमेकांशी स्पष्ट बोलूच शकत नाहीत, कारण मुलीने स्पष्ट हो म्हटलं तर चारित्र्य गेलं, म्हणून ती आढेवेढे घेते, आणि मुलगा मग नाही म्हणजे हो असंच समजायला शिकतो. हा शेवटचा भाग मी दोनदा वाचला. जबरदस्तीची मुळं किती साध्या, रोजच्या ठिकाणी आहेत हे मला तेव्हा कळलं.

‘चांगल्या घरातला मुलगा आहे’ हे वाक्य आपण किती सहज म्हणतो. त्या अभ्यासात सगळ्यात पहिली गोष्ट हीच आहे. चांगल्या घराचा आणि गुप्तरोगाचा काही संबंध नसतो पण पोरं (आणि त्यांचे आईबाप, लग्न ठरवताना) तोच निकष लावतात.

आता दादाकडे येते. दादा, आपल्याकडे ही गरज कधी पडली नाही असं तू लिहिलंस. २००७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात ह्यावरून केवढा गोंधळ झाला होता ते तुला आठवत असेल. केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला, त्यातल्या चित्रांवरून आरडाओरडा झाला आणि सरकारने तो थांबवून टाकला, सगळ्या पक्षांच्या आमदारांचं त्यावर एकमत. मध्य प्रदेश, कर्नाटक, गुजरात, आणखीही राज्यांनी तेच केलं. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने, वेंकय्या नायडू अध्यक्ष होते, अहवाल दिला की आपल्या संस्कृतीत ह्याला जागा नाही. आणि गंमत नाही, मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, की नेमक्या त्याच काळात, २००६-०७ मध्ये, मुंबईतली आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासाची संस्था आणि पॉप्युलेशन काउन्सिल मिळून सहा राज्यांत पन्नास हजारांहून जास्त तरुणांच्या मुलाखती घेत होते, आणि त्या सहांत महाराष्ट्र होता. पोरं तोंडावर खरं सांगणार नाहीत हे त्यांना माहीत होतं, म्हणून मुलाखतीच्या शेवटी एक कार्ड द्यायचे, त्यावर नाव नाही, फक्त खूण करायची आणि पाकिटात घालून स्वतःच चिकटवायचं. लग्नाआधी संबंध आल्याचं मुलांपैकी सुमारे १५ टक्क्यांनी आणि मुलींपैकी सुमारे ४ टक्क्यांनी सांगितलं. हे आकडे फार मोठे नाहीत हे मीही मान्य करते, आपली पिढी बिघडली असं कोणी ह्यावरून म्हणू नये. पण मुलांचा आकडा मुलींच्या जवळजवळ चौपट, ह्यात खरं किती, मुलांनी फुगवलेलं किती आणि मुलींनी पाकीट बंद असूनही लपवलेलं किती, हा प्रश्न उरतोच ना. पाकिटाला सुद्धा घाबरणारी मुलगी शाळेतल्या बाईंना काय विचारणार आहे?

आणि पाश्चात्त्य म्हणशील तर, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र १९२१ साली काढलं, लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी त्यांचं काढलं तेही १९२१ सालीच. कोणी कोणाची कॉपी केली? कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवलं, मराठीत, त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. हा विषय आपल्या भाषेत आला त्याला शंभर वर्षं होत आली.

लाज ही आपलीच मालमत्ता आहे असंही नाही. इकडे एड्सची साथ आली तेव्हा संशोधकांना लोकांच्या लैंगिक सवयींचा देशव्यापी सर्व्हे करायचा होता, नॅटसाल नावाचा, तर १९८९ मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने पैसे नाकारले. शेवटी वेलकम ट्रस्ट ह्या खासगी संस्थेने खर्च उचलला आणि जवळपास १९ हजार लोकांच्या मुलाखती झाल्या. तेव्हापासून साधारण दर दहा वर्षांनी तो होतो आणि इथली अर्धी धोरणं त्याच्या आकड्यांवर उभी आहेत. इंग्लंडमध्ये शाळेत नातेसंबंध आणि लैंगिक शिक्षण सक्तीचं झालं ते थेट सप्टेंबर २०२० मध्ये, आणि त्याच्या आदल्या वर्षी बर्मिंगहॅममध्ये पालक शाळेबाहेर बोर्ड घेऊन उभे होते, त्यांचा आक्षेप समलिंगी नातेसंबंधांबद्दलच्या धड्यांना होता. दादा, त्यांचे शब्द आणि तुझे शब्द शेजारी ठेवले तर फारसा फरक सापडणार नाही.

आता भाच्याचं. बाळा, तुझा राग मला कळतो आणि त्यात मी तुझ्या बाजूची आहे, पण परदेशात शाळेत शिकवतात म्हणून प्रॉब्लेम नाहीत हे तू कुठून आणलंस? माझ्याच शहरातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात एक फार मेहनतीचा प्रयोग केला, शेअर नावाचा. पूर्व स्कॉटलंडमधल्या २५ शाळा घेतल्या, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन गटांत वाटल्या, एका गटातल्या शिक्षकांना पाच दिवसांचं ट्रेनिंग देऊन वीस तासिकांचा नवीन, नीट आखलेला कोर्स दिला, दुसऱ्या गटात नेहमीचंच चालू ठेवलं. आठ हजारांवर मुलं होती. निकाल काय आला? नवीन कोर्सवाल्या मुलांना माहिती जास्त, कोर्स आवडलाही जास्त, पण संबंध किती जणांचे आले, कंडोम वापरला का, ह्यात काही फरक नाही. मुली वीस वर्षांच्या होईपर्यंत रेकॉर्ड तपासले, गरोदरपण आणि गर्भपात दोन्ही गटांत सारखेच. (दादा, ह्यातलं तुझ्या उपयोगाचं वाक्य उचलून पळू नकोस. कोर्समुळे मुलं जास्त किंवा लवकर संबंध ठेवायला लागली असंही काही दिसलं नाही, आणि युनेस्कोने २०१८ मध्ये जगभरचे अभ्यास चाळून हेच सांगितलं. २०२४ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानेही लैंगिक शिक्षणाने मुलं बिघडतात हा गैरसमज असल्याचं म्हटलंय.)

मला ह्या निकालाचा फार आदर वाटतो कारण करणाऱ्यांनी तो लपवला नाही, छापला. आणि त्याचा अर्थ शिकवू नका असा नाही, वीस तासिकांचा वर्ग एका बाजूला आणि मुलाचं बाकी सगळं आयुष्य दुसऱ्या बाजूला, तर पारडं कुठे झुकणार हे तो सांगतो. घरात पैसे आहेत का, आईशी बोलता येतं का, मुलीला पुढे शिकायची, नोकरीची आशा आहे का, मित्र काय म्हणतात, मोबाइलवर काय बघितलं जातं. स्कॉटलंडमध्ये गरीब वस्त्यांतलं किशोरवयीन गरोदरपणाचं प्रमाण श्रीमंत वस्त्यांच्या कित्येक पट असतं, शाळेतला अभ्यासक्रम तोच असला तरी. इंग्लंडने १९९९ मध्ये ह्यावर दहा वर्षांची योजना केली तेव्हा वर्गाबरोबर तरुणांसाठी वेगळी क्लिनिकं, युवक कार्यकर्त्यांचं ट्रेनिंग, पालकांशी बोलणं, आधीच आई झालेल्या मुलींना पुन्हा शिक्षणात आणणं, असं सगळं एकदम लावून धरलं. अठराच्या आतल्या मुलींमध्ये हजारी ४७ च्या आसपास असलेलं गरोदरपण २०१४ पर्यंत २३ वर आलं. अर्ध्याहून कमी. त्याचं श्रेय कुठल्या एका गोष्टीला देता येत नाही, आणि मला वाटतं तोच मुद्दा आहे.

तरी इकडे सगळं छान झालं असं नाहीच. २०२१ मध्ये इंग्लंडच्या शाळा-तपासणी संस्थेने, ऑफस्टेडने, मुलामुलींशी बोलून अहवाल दिला, जवळपास ९० टक्के मुलींनी सांगितलं की नको असलेले अश्लील फोटो-व्हिडिओ पाठवले जाणं हे आमच्या किंवा आमच्या मैत्रिणींच्या बाबतीत बऱ्याचदा किंवा अधूनमधून होतं. आणि मोठ्यांना सांगत का नाही, तर नाव खराब होईल, कोणी विश्वास ठेवणार नाही, पुढचं सगळं आपल्या हातातून जाईल. म्हणजे पुन्हा तेच, कन्सल्टेशन रूममधला पहिला प्रश्न.

फरक आहे तो ह्याच्या पुढे. इथे ती घाबरलेली मुलगी घाबरत घाबरत का होईना पण आत येते, कारण आत आल्यावर गुपित राहील ह्याची तिला थोडीतरी खात्री असते. ही खात्री आपोआप आली नाही. इंग्लंडमध्ये एका आईनेच कोर्टात केस केली होती की माझ्या सोळाच्या आतल्या मुलींना मला न विचारता गर्भनिरोधक देऊ नका, ती हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च कोर्ट) गेली आणि १९८५ मध्ये निकाल लागला की मुलीला समज असेल तर डॉक्टर देऊ शकतो. स्कॉटलंडमध्ये १९९१ चा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे काय आहे? मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ मध्ये आला, लहान मुलांच्या संरक्षणासाठी तो हवाच होता, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याने संमतीचं वय अठरा झालं आणि कुणालाही कळलं तर पोलिसांना सांगणं बंधनकारक झालं, नाही सांगितलं तर शिक्षा. म्हणजे सतरा वर्षांची मुलगी तिच्याच वयाच्या मुलाबरोबर मर्जीने राहिली, आणि घाबरून डॉक्टरकडे गेली, तर डॉक्टरला केस कळवावी लागते आणि तो मुलगा आरोपी होतो. मग ती डॉक्टरकडे जाईलच कशाला? २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताच्या बाबतीत थोडी वाट मोकळी केली, अल्पवयीन मुलीचं नाव पोलिसांना द्यायची डॉक्टरवर सक्ती नको असं सांगितलं. २०२३ मध्ये विधी आयोगाने मात्र वय कमी करू नका असाच सल्ला दिला. मला कायद्याचं फार कळत नाही, वय सोळा हवं की अठरा ह्यावर शहाण्या माणसांचे मतभेद असू शकतात, पण वयाने जवळजवळच्या दोघांना आणि लहान मुलीवर हात टाकणाऱ्या नराधमाला एकाच कलमात बसवून आपण मुलींना दवाखान्याच्या दारातूनच परत पाठवतोय हे मला सहन होत नाही. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत, २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, कागदावर सगळं आहे. ग्रुपवर मी नंतर विचारलं की ‘मैत्री’ क्लिनिक कोणाला माहितीये का, तर एकवीस जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं, भाच्यालाही नाही.

आणि एक गोष्ट ह्या सगळ्या भांडणात कोणी काढतच नाही. आपल्याकडे तरुणांचं लैंगिक आरोग्य म्हटलं की डोळ्यासमोर कॉलेजातली मुलंमुली येतात. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचातली एक. लग्न झालं की ती पोर एकदम मोठी बाई होते, तिला काही शिकवायचं नाही, विचारायचं नाही, तिच्याबाबतीत संस्कृतीला काही धोका नाही. डॉ. राणी बंग आणि अभय बंग ह्यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ मध्ये तो पेपर आला, ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. लाजेमुळे, आणि विचारणारंच कोणी नसल्यामुळे. हे आपल्या मातीतलं संशोधन, जगाने त्यावरून धोरणं बदलली. आणि त्याच राणीबाईंनी पुढे पोरापोरींसाठी तारुण्यभान शिबिरं सुरू केली, मराठीत, मुलगे-मुली एकत्र बसवून, त्यांचे प्रश्न ऐकून. दादा, संस्कृतीत बसत नाही म्हणतोस ते हेच का?

परवा वहिनीचा फोन आला. ग्रुपवर ती त्या पहिल्या मेसेजनंतर गप्पच होती. म्हणाली ताई, सही केली मी, कोणाला न विचारता. मग म्हणाली, पण ती घरी आली की तिला काय विचारू, मला तर सुचतच नाहीये. मी म्हटलं काही विचारू नकोस, तुला पाळी आली तेव्हा काय झालं होतं ते तिला सांग. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मला कोणी काही सांगितलंच नव्हतं गं ताई, मला वाटलेलं मी मरणारे. म्हटलं मग तेच सांग.

धाकट्या मुलाचं विचारलं तर म्हणाली त्याच्या वर्गाला सेशन नाहीये, फक्त मुलींना आहे. का, ते तिने शाळेत विचारलं नव्हतं. सोमवारी जाऊन विचारते म्हणालीये.